माती, आवा आणि बाजार : शहापूर-मुरबाड परिसरातील पारंपरिक कुंभारकामाच्या टिकावाचा विचार

प्रास्ताविक

मातीचे भांडे ही मानवी संस्कृतीच्या इतिहासातील अत्यंत जुनी आणि आजतागायत वापरात राहिलेली निर्मिती होय. महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगाचा अभ्यास तर प्रामुख्याने खापरांच्या आधारे उभा आहे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जोर्वे येथे प्रथम सापडलेल्या विशिष्ट घडणीच्या खापरांवरूनच 'जोर्वे संस्कृती' हे नाव रूढ झाले. ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे, तर मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर आजही एक मोठा दगडी रांजण पाहावयास मिळतो. सातवाहनकालीन व्यापारी मार्गावरील जकात त्यात जमा होत असे, अशी लोकपरंपरा आहे. दगडात कोरतानाही आकार मात्र मातीच्या रांजणाचाच घेतला गेला, ही गोष्ट कुंभाराच्या चाकाने लोकजीवनावर उमटविलेल्या ठशाची साक्ष देते.

२०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्यात शहापूर आणि मुरबाड हे प्रामुख्याने ग्रामीण स्वरूपाचे तालुके म्हणून ओळखले जातात. एका बाजूस सह्याद्रीची रांग, दुसऱ्या बाजूस कल्याण-भिवंडीचा वाढता नागरी पट्टा, अशा सांध्यावर ते वसले आहेत. भातशेती, आदिवासी पाडे, मुंबईला पाणी पुरविणारे जलाशय, औद्योगिक वसाहती, महामार्ग आणि शेतघरांचे प्रकल्प हे सर्व येथे एकत्र नांदते. त्यामुळे पारंपरिक व्यवसायांवर आधुनिकीकरणाचा परिणाम कसा होतो, हे अभ्यासण्यास हा परिसर विशेष उपयुक्त ठरतो.

कुंभारकामाच्या ऱ्हासाची चर्चा बहुधा मागणीच्या अंगाने केली जाते. धातू व प्लास्टिकची भांडी आली, लोकांच्या आवडी बदलल्या, म्हणून कुंभार मागे पडला, असा तिचा रोख असतो. हे विवेचन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. मागणी घटली असली तरी संपलेली नाही. किंबहुना काही बाबतींत ती नव्याने निर्माण झाली आहे. परंतु ती पुरविण्यासाठी लागणारी माती, सरपण आणि मोकळे अंगण यांवरील कुंभाराचा पूर्वापार चालत आलेला हक्क मात्र क्षीण झाला आहे. या हक्काचा विचार केल्याशिवाय व्यवसायाच्या टिकावाचा विचार पूर्ण होत नाही, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गावगाड्यातील कुंभाराचे स्थान

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात महाराष्ट्रातील बलुतेदारी व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आले आहे. बारा बलुतेदारांमध्ये कुंभाराचा समावेश होतो. त्याने गावाला वर्षभर लागणारी मडकी पुरवावीत, सणावारी व लग्नकार्यात ठरलेली भांडी पोहोचवावीत आणि त्याबदल्यात सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याचा वाटा घ्यावा, अशी ही रीत होती.

या व्यवस्थेकडे केवळ मोबदल्याची पद्धत म्हणून पाहिल्यास तिचे अर्धेच स्वरूप लक्षात येते. बलुत्यासोबत काही न लिहिलेल्या सवलतीही कुंभाराला मिळत. गावतळ्याच्या काठची किंवा ओढ्याकाठची माती तो आणी. भाताचा पेंढा व तूस, गोठ्यातील शेण, रानातील वाळलेल्या काटक्या या गोष्टी त्याला विनामूल्य किंवा नाममात्र देवघेवीत मिळत. आवा लावण्यासाठी गावाच्या कडेची मोकळी जागा असे. म्हणजेच कच्चा माल, इंधन आणि जागा यांचा खर्च गाव उचलत असे आणि कुंभार आपले श्रम व कौशल्य देत असे.

ही व्यवस्था आदर्श होती असे मुळीच म्हणता येणार नाही. ती जातीच्या उतरंडीवर उभी होती, व्यवसाय बदलण्याचे स्वातंत्र्य तीत नव्हते आणि मोबदला ठरविण्याचा अधिकार कारागिराच्या हाती नव्हता. तिच्या विघटनाने कुंभाराच्या मुलांना शिक्षणाची व नोकरीची दारे उघडली, हे स्वागतार्हच आहे. मात्र या विघटनात बलुत्याबरोबर मातीचा व सरपणाचा अघोषित हक्कही नाहीसा झाला आणि त्याची जागा कोणत्याही घोषित हक्काने घेतली नाही. आजच्या अडचणींचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

मातीपासून मडक्यापर्यंत

कुंभारकामातील प्रत्येक टप्प्यामागे अनुभवसिद्ध शास्त्र आहे. ते समजून घेतल्यास स्थानिक माती व इंधन यांचे महत्त्व ध्यानी येते.

शहापूर-मुरबाडचा बहुतेक भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकाच्या झिजेतून तयार होणाऱ्या काळ्या चिकणमातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज अधिक असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. शेतजमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा याच गुणधर्मामुळे पडतात. अशी माती नुसती चाकावर चढविली तर भांडे वाळतानाच तडकते. म्हणून कुंभार तीत बारीक वाळू, राख, तूस किंवा घोड्या-गाढवाची लीद मिसळतो. वाळूमुळे आकसणे कमी होते, तर तूस व लीद भाजताना जळून जातात आणि भांड्याच्या भिंतीत सूक्ष्म छिद्रे ठेवून जातात. कोणत्या तळ्याच्या मातीत काय व किती मिसळायचे, हे ज्ञान त्या तळ्यापुरते असते. दुसरीकडून आणलेल्या मातीवर ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

माती भिजवून, खडे वेचून, पायांनी तुडवून मऊ केली जाते. चाकावर भांड्याचा गळा व वरचा भाग आकाराला येतो. मोठ्या मडक्याचा पोटाचा भाग मात्र नंतर थापून वाढवावा लागतो. आतून गोल दगडाचा आधार धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हलके ठोके द्यायचे, अशी ही क्रिया आहे. तिच्यामुळे भिंत पातळ, दाट व सारख्या जाडीची होते. संत गोरा कुंभार यांनी थापटण्याने संतांची परीक्षा घेतल्याची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. ठोक्याच्या आवाजावरून मडक्याचा कच्चेपणा ओळखण्याची कारागिराची रोजची सवय त्या कथेमागे आहे.

वाळलेली भांडी आव्यात रचली जातात. गोवऱ्या, लाकूड, पेंढा व तूस यांचे थर देऊन वरून राख-मातीचा लेप दिला जातो. सुमारे ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या खनिजांतील रासायनिकरीत्या बांधलेले पाणी निघून जाते आणि त्यानंतर ती माती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. याच टप्प्यात, ५७३ अंशांजवळ, मातीतील गारेच्या कणांची रचना बदलून ते किंचित प्रसरण पावतात. आच एकदम वाढली तर भांडी फुटतात, ती यामुळेही. आव्यात हवा खेळती राहिल्यास मातीतील लोह ऑक्सिजनशी संयोग पावून भांडे तांबडे होते. हवा कोंडली तर ते काळे होते. तुसाची आच संथ व दीर्घकाळ टिकणारी असते. म्हणून भातपिकाच्या या पट्ट्यात तूस हे कुंभाराचे हुकमी इंधन ठरले.

माठातील पाणी थंड राहण्याचे कारण या सच्छिद्रतेतच आहे. भिंतीतून पाझरलेले पाणी बाष्प होताना उष्णता शोषून घेते. एक ग्रॅम पाण्याचे बाष्प होण्यास साधारण तापमानास सुमारे ५८० कॅलरी लागतात. दहा लिटरच्या माठातून १०० ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन झाले आणि ती सर्व उष्णता आतील पाण्यातूनच घेतली गेली असे मानले, तर पाण्याचे तापमान सुमारे ६ अंशांनी उतरते. हवा दमट असेल तर हा परिणाम कमी होतो, कोरडी असेल तर वाढतो. समुद्रकाठापासून दूर असलेल्या या तालुक्यांत चैत्र-वैशाखातील कोरड्या दुपारी माठ अधिक उपयोगी पडतो, याचे हे कारण होय. विजेशिवाय चालणारे हे शीतकरण आजच्या ऊर्जाविचारातही दुर्लक्षण्याजोगे नाही.

मागणीचे बदललेले स्वरूप

कुंभाराच्या मालाची पूर्वीची यादी लांबलचक होती. रांजण, घागर, माठ, डेरा, गाडगे, तवली, खापराचा तवा, परळ, पणती, चूल, शेगडी, कुंडी आणि पावसाळी प्रदेशात अत्यावश्यक असलेली नळीची कौले या सर्वांचा तीत समावेश होता. यांतील एकेक वस्तू वेगवेगळ्या कारणांनी मागे पडली. १८६५ साली मंगळूर येथे यंत्रनिर्मित कौलांचा कारखाना सुरू झाला आणि पुढील काळात मंगळुरी कौलांनी व नंतर पत्र्याने हाताच्या कौलांची जागा घेतली. स्वयंपाकघरात 'जर्मन' या नावाने ओळखली जाणारी अॅल्युमिनिअमची व त्यानंतर स्टेनलेस स्टीलची भांडी रूढ झाली. नळपाणी योजना व प्लास्टिकच्या टाक्या आल्यावर रांजणाची गरज घटली. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसजोडण्यांचा प्रसार वाढविला आणि चुलीचे महत्त्व आणखी कमी झाले. धुरापासून मुक्त झालेल्या स्त्रीच्या दृष्टीने हा बदल निश्चितच हितावह आहे.

जे टिकले ते प्रामुख्याने धार्मिक विधींशी निगडित आहे. नवरात्रातील घट, संक्रांतीचे सुगड, अक्षय्य तृतीयेला दान द्यावयाचा उदककुंभ, दिवाळीच्या पणत्या, गोकुळाष्टमीची हंडी, लग्नातील मडक्यांची उतरंड आणि अंत्यविधीचे मडके यांना पर्याय शोधण्याचा समाजाने अद्याप फारसा प्रयत्न केलेला नाही. तथापि या मागणीला दोन मर्यादा आहेत. एक तर ती वर्षातील ठराविक दिवसांपुरती असते. दुसरे म्हणजे तीत गुणवत्तेचा आग्रह नसतो. घटस्थापनेचे मडके पाणी गार ठेवते की नाही, हे कोणी पाहत नाही. परिणामी स्वस्त, साच्यातील व बाहेरगावाहून ट्रकने आलेला माल या बाजारात सहज खपतो आणि मोठे माठ थापण्याचे कठीण कौशल्य सरावाअभावी मागे पडते.

याउलट काही नव्या मागण्याही उदयास आल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली लागू केलेली प्लास्टिकबंदी आणि १ जुलै २०२२ पासून देशभर आलेली एकदाच वापरावयाच्या प्लास्टिक वस्तूंवरील बंदी यांमुळे मातीच्या पेल्यांची चर्चा पुन्हा सुरू झाली. रेल्वे स्थानकांवर मातीच्या पेल्यातून चहा देण्याचा प्रयोग २००४ सालीही झाला होता. महामार्गालगतची उपाहारगृहे, मटक्यातील पदार्थ, बागेच्या कुंड्या आणि शहरी ग्राहकांची मातीच्या भांड्यांत शिजविलेल्या अन्नाविषयीची ओढ या सर्वांतून बाजारपेठ विस्तारत आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शहापूर तालुक्यातून जाणारा अखेरचा टप्पा खुला झाल्याने हा परिसर मुंबई व नाशिक या दोन्ही बाजारांच्या अधिक जवळ आला आहे.

येथे एका भेदाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. कुंभार टिकणे आणि कुंभारकाम टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अनेक कुंभार कुटुंबे गणेशमूर्तींकडे वळली. चाक बंद असणाऱ्या पावसाळी महिन्यांत मूर्तिकामाचे उत्पन्न मिळते आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मातीच्या मूर्तींना बळही दिले. परंतु त्यासाठी लागणारी शाडूची माती मुख्यतः गुजरातमधून येते आणि मूर्ती साच्यात घडते. कुटुंबाचा चरितार्थ चालतो, पण चाक, थापटणे व आवा यांचे ज्ञान पुढील पिढीकडे जात नाही.

माती कोणाची?

मागणी असूनही पुरवठा का वाढत नाही, या प्रश्नाचे उत्तर मातीपाशी येऊन थांबते. १९५७ च्या खाण व खनिज (विकास व विनियमन) कायद्यात साध्या मातीची गणना गौण खनिजांत होते आणि तिच्या उत्खननाचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. महाराष्ट्राच्या नियमांत पारंपरिक कुंभारांना स्वामित्वधनातून सवलत देण्याची तरतूद आहे. मात्र स्वामित्वधन माफ होणे म्हणजे माती मिळणे नव्हे. ज्या जागेतून माती काढावयाची ती जागा खाजगी असेल तर मालकाची संमती लागते, वनखात्याची असेल तर प्रवेशच नसतो आणि गावतळे असेल तर ग्रामपंचायतीची अनुकूलता लागते. सवलतीने दर शून्य होतो, स्रोत मात्र निर्माण होत नाही.

या स्रोतासाठी कुंभाराची सर्वांत मोठी स्पर्धा वीटभट्टीशी आहे. मुंबई, ठाणे, कल्याण व भिवंडीच्या बांधकामांना विटा पुरविणाऱ्या भट्ट्या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात दीर्घकाळ चालत आल्या आहेत. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन या भट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. या उचलीतून निर्माण होणाऱ्या वेठबिगारीचा प्रश्न जिल्ह्यातील सामाजिक चळवळींनी वेळोवेळी मांडला आहे. कुंभारकामाचा हंगामही नेमका हाच आहे, कारण कोकणच्या मुसळधार पावसात ना मडके वाळते ना आवा पेटतो. म्हणजेच तीच माती, तेच तूस आणि तेच आठ कोरडे महिने यांसाठी हे दोन व्यवसाय एकाच वेळी उभे राहतात. वीटभट्टी मालक यंत्राने माती उपसतो, ट्रकने नेतो आणि शेतकऱ्याला एकरकमी पैसे देतो. टोपलीने माती नेणारा कुंभार या व्यवहारात टिकाव धरू शकत नाही. काही ठिकाणी कुंभारच वीटभट्टीकडे वळले, यातही नवल नाही.

दुसरा दबाव जमिनीच्या बाजारभावाचा आहे. शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांत शेतघरे, गृहप्रकल्प व गोदामांसाठी जमिनींची खरेदी झाली आहे. ज्या शेताच्या कडेची माती पूर्वी मालकाच्या एका शब्दावर मिळे, तेथे आज कुंपण आहे. ज्या मोकळ्या जागेत आवा लागे, तेथे नवी घरे उठली असून धुराविषयी तक्रार होते. ही तक्रारही अनाठायी म्हणता येत नाही. उघड्या आव्याचा धूर आरोग्यास अपायकारक आहे आणि त्याची सर्वाधिक झळ कुंभार कुटुंबालाच बसते.

सरपणाची स्थितीही अशीच आहे. शहापूर तालुक्याचा काही भाग तानसा अभयारण्यात मोडतो आणि इतरत्रही वनकायद्याचे निर्बंध आहेत. गुरांची संख्या जसजशी घटते तसतशी गोवरी महाग होते. तूस आता बॉयलर व वीटभट्ट्यांसाठी विकले जाते. 'कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येणारच' अशी मराठीत म्हण आहे. राख, शेण व केरकचरा गोळा करणे हे कुंभारघरच्या स्त्रीचे न चुकणारे काम होते, हे तिचे वाच्य अंग आहे. आज तो उकिरडाही फुकट राहिलेला नाही.

शासकीय योजना व त्यांच्या मर्यादा

खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ साली कुंभार सशक्तीकरण योजना सुरू करून विजेवर चालणारी चाके व माती मळण्याची यंत्रे यांचे वाटप आरंभिले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांत कुंभारकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजदराने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज देण्याची सोय आहे.

या योजनांचे मोल नाकारता येत नाही. विजेच्या चाकाने शारीरिक कष्ट कमी होतात आणि दांड्याने जड चाक फिरविण्याची गरज न उरल्याने स्त्रियांनाही चाकावर बसणे सुलभ होते. परंपरेने चाक पुरुषाकडे आणि माती मळणे, वाळविणे, रंगविणे, विकणे ही कामे स्त्रीकडे अशी विभागणी होती. या दृष्टीने हे यंत्र सामाजिक बदलाचेही साधन ठरू शकते. परंतु विश्वकर्मा योजनेत कुटुंबातील एकाच व्यक्तीला नोंदणी करता येते. संपूर्ण कुटुंबाच्या श्रमावर चालणाऱ्या या व्यवसायात एकच नाव कारागीर म्हणून नोंदले जाते आणि ते बहुधा पुरुषाचे असण्याचा संभव अधिक असतो. त्यामुळे स्त्रीचे काम नोंदीबाहेर राहण्याची भीती आहे.

समूह विकासाच्या योजनांतही एक अडचण आहे. त्या शेकडो कारागीर एकत्र असलेल्या केंद्रांना अधिक अनुकूल असतात. धारावीच्या कुंभारवाड्यासारख्या दाट वस्तीत असे केंद्र कल्पिता येते. बलुतेदारीने मात्र कुंभाराला मुळातच गावोगाव विखुरले. प्रत्येक गावाला त्याची गरज होती आणि एका गावाला फार कुंभारांची गरज नव्हती. शहापूर-मुरबाडसारख्या डोंगराळ, पाड्यापाड्यांत विभागलेल्या प्रदेशात हे विखुरलेपण अधिक जाणवते.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी की, या योजना अवजारे, प्रशिक्षण व भांडवल देतात, माती देत नाहीत. चाकाचा वेग वाढला की मातीची गरजही वाढते. एका पेल्यास साधारण १०० ग्रॅम माती धरली, तरी दहा हजार पेल्यांना एक टन माती लागते आणि ती वापरून लगेच फेकली जाते. एकदाच वापरावयाच्या पेल्यापेक्षा अनेक उन्हाळे टिकणारा माठ हा मातीचा व सरपणाचा अधिक काटकसरी उपयोग आहे, हे योजना आखताना ध्यानात घ्यावयास हवे.

दोन तुलनात्मक उदाहरणे

ठाणे जिल्ह्याच्याच जुन्या सीमेतील वारली चित्रकलेचे उदाहरण या संदर्भात अनेकदा दिले जाते. १९७० च्या दशकात ही कला झोपडीच्या भिंतीवरून कागदावर आली, जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे तिला जगभर मान्यता मिळाली आणि २०१४ साली तिला भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण लाभले. परंतु चित्रकला आपला पृष्ठभाग बदलू शकते. कुंभारकामाचे तसे नाही. त्याला टनावारी माती, गाडीभर सरपण आणि मोकळी जागा लागते. कलाकाराला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा मार्ग येथे पुरेसा ठरत नाही.

जपानचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. तेथे १९७४ साली पारंपरिक हस्तोद्योगांच्या संवर्धनाचा कायदा झाला. एखाद्या वस्तूस मान्यता देताना ती दैनंदिन वापरातील आहे काय, मुख्यतः हाताने घडते काय, तिचे तंत्र पारंपरिक आहे काय, यांबरोबरच तिचा कच्चा माल पूर्वापार वापरातील आहे काय आणि ती विशिष्ट प्रदेशात काही प्रमाणात तयार होते काय, हेही पाहिले जाते. कौशल्य, साहित्य आणि प्रदेश या तिन्हींचा एकत्रित विचार हे या कायद्याचे वैशिष्ट्य होय.

उपलब्ध कायदेशीर मार्ग

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नसला तरी या दोन तालुक्यांपुरते काही आधार आजही उपलब्ध आहेत. संपूर्ण शहापूर तालुका व मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अशा क्षेत्रात गौण खनिजांचा परवाना किंवा खाणपट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची अथवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस अनिवार्य आहे. या अधिकाराचा उपयोग बहुधा खाणी-भट्ट्या रोखण्यासाठी करावयाचा असतो, असे मानले जाते. त्याच्याच आधारे गावातील एखाद्या तळ्याची वा ओढ्याकाठची माती स्थानिक कुंभारांसाठी राखून ठेवण्याची भूमिकाही ग्रामसभेला घेता येईल. २००६ चा वनहक्क कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्यातील गौण वनोपजाची व्याख्या वनस्पतिजन्य उत्पादनांपुरती आहे आणि माती तीत बसत नाही. म्हणूनच ग्रामसभेच्या मार्गाचे महत्त्व अधिक आहे.

हे करताना आदिवासी व कुंभार यांच्यात नवा संघर्ष उभा राहणार नाही, याची काळजी घेणे आवश्यक आहे. पेसाचा मूळ हेतू आदिवासींच्या स्वशासनाचा आहे. कुंभारासाठी राखीव माती हा ग्रामसभेने विचारपूर्वक दिलेला वाटा असावा, वरून लादलेला हक्क नसावा. गावाला माठ, गाडगी, लग्नाची मडकी रास्त दरात मिळणे ही त्यामागील देवघेव असू शकते. जुन्या बलुत्यातील परस्परावलंबन जातीची सक्ती वगळून पुन्हा स्वीकारण्याचा हा प्रयत्न ठरेल.

दुसरा आधार २०१७ साली सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेचा आहे. जलाशयांतील व तळ्यांतील गाळ काढून तो शेतात पसरविणे हा तिचा हेतू. तळ्याच्या तळाशी साचणारी बारीक माती कुंभाराला हवी असते. अशा गाळाचा अल्पसा भाग कुंभारांकडे वळविल्यास शेतीची सुपीक माती न उकरता कच्चा माल मिळेल आणि तळ्याची साठवणक्षमताही वाढेल.

या ठिकाणी महाविद्यालयांची भूमिका सुरू होते. तालुक्यातील मातीच्या जागांचा नकाशा तयार करणे हे भूगोल विभागाला सहज शक्य आहे. मातीचे आकुंचन, सच्छिद्रता व शिसे किंवा अन्य घातक द्रव्यांची तपासणी रसायनशास्त्र विभागास करता येईल. स्वयंपाकाची भांडी शहरी बाजारात विकावयाची असल्यास अशा तपासणीचे प्रमाणपत्र उपयोगी ठरेल. कमी धूर व कमी इंधन लागणाऱ्या बंदिस्त भट्टीचा नमुना भौतिकशास्त्र विभागाने कारागिरांसोबत बसून विकसित करावा. मराठी विभागाने चाक, माती व आवा यांच्याशी निगडित बोलीतील शब्दसंग्रह नोंदवावा. ग्रामसभेपुढे ठेवण्यास लागणारी आकडेवारी अर्थशास्त्र विभागाने कुटुंबनिहाय पाहणीतून गोळा करावी आणि त्या पाहणीत स्त्रियांच्या श्रमाचे तास स्वतंत्रपणे मोजावेत.

समारोप

पारंपरिक कुंभारकाम जुने आहे म्हणून ते टिकवावे, असा प्रस्तुत लेखाचा आग्रह नाही. कुंभाराच्या मुलाने चाकावरच बसावे, अशी अपेक्षा धरणे तर अन्यायाचे होईल. परंतु ज्याला किंवा जिला हा व्यवसाय करावयाचा आहे त्यांना तो माती न मिळाल्यामुळे सोडावा लागू नये, एवढी व्यवस्था समाजाने करावयास हवी. शहापूर तालुक्यातील जलाशय मुंबईची तहान भागवितात आणि त्याच तालुक्यातील अनेक गावपाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ज्यांच्या परिसरातील साधनसंपत्ती शहराकडे जाते, त्यांच्या हाती तिचा रास्त वाटा राहावा, हा प्रश्न पाण्याइतकाच मातीलाही लागू आहे.

चाक, कर्ज व प्रशिक्षण यांची सोय झाली आहे. आता गावागणिक मातीचा एक निश्चित स्रोत, आव्यासाठी एक सामाईक जागा आणि कमी इंधनाची भट्टी या तीन गोष्टींची जोड मिळणे आवश्यक आहे. त्यांपैकी पहिल्या दोन गोष्टी ग्रामसभेच्या पुढाकाराने साध्य होऊ शकतात आणि तिसरीसाठी लागणारे ज्ञान तालुक्यातील महाविद्यालयांत उपलब्ध आहे. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात हा प्रयोग झाल्यास महाराष्ट्रातील इतर अनुसूचित क्षेत्रांनाही तो मार्गदर्शक ठरेल.